खेळण्यातल्या बंदराचा खरा गंज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहान मुलाच्या हातात आगगाडीचं खेळणं येतं तेव्हा ते झगझगीत असतं. इंजिन हिरवंगार किंवा लालचुटूक, चाकं चकाकणारी, डब्यांवर सोनेरी रेघ. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लायप्झिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापं असलेल्या गाड्या मांडल्या. त्यामुळे हवे तेवढे रूळ, हवे तेवढे डबे हळूहळू विकत घेऊन जोडत जाण्याची सोय झाली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली किल्लीच्या गाड्या काढल्या. या सगळ्या गाड्या पत्र्याच्या आणि वरून चकचकीत रंगाच्या. खरी आगगाडी धुराने काळवंडलेली, तेलाने आणि चिखलाने माखलेली असे; खेळण्यातली मात्र कारखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी. तिला भूतकाळच नव्हता, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे.

पुढे काही माणसांना ते खटकू लागलं. दुकानातून आणलेल्या कोऱ्या डब्यावर त्यांनी मुद्दाम मळ चढवायला सुरुवात केली. पैसे मोजून आणलेली वस्तू घरी आणून मळवायची, याला घरची मंडळी काय म्हणाली असतील, याची कल्पना आपण करू शकतो. इंग्रजीत या कलेला ‘वेदरिंग’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे, राप. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात वावरलेल्या कोळ्याचा चेहरा रापतो, तसं लाकूडही रापतं आणि लोखंडही. छोट्या आगगाड्यांच्या जगातल्या या रापाविषयी आज बोलायचं आहे, आणि त्यातही बंदराच्या देखाव्याविषयी. कारण राप चढवणाऱ्याची खरी परीक्षा डोंगरात किंवा स्टेशनात होत नाही. ती धक्क्यावर होते.

या वळणाचा आरंभ शोधताना एक नाव टाळता येत नाही, ते म्हणजे इंग्लंडमधले जॉन अहर्न. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘मॅडर व्हॅली’ नावाची एक काल्पनिक रेल्वे उभारायला घेतली. तोवर बहुतेकांच्या घरी फळीवर रूळ आणि बाजूला दोन-चार पत्र्याची घरं असा थाट असे. अहर्न यांनी उलटा विचार केला. आधी मुलूख, मग त्यातून जाणारी गाडी. त्यांच्या गावांतल्या इमारती ब्रिटनमधल्या निरनिराळ्या ठिकाणच्या खऱ्या इमारती पाहून केलेल्या होत्या. या रेल्वेचं एक टोक समुद्राला भिडतं आणि तिथल्या बंदराचं नाव मॅडरपोर्ट. आडबाजूच्या एखाद्या छोट्या बंदरात जितकी धांदल असावी तितकीच तिथे आहे, जास्त नाही. इमारती आणि भूप्रदेश लहान आकारात कसे करावेत यावर अहर्न यांनी पुस्तकं लिहिली, आणि त्या पुस्तकांवर एक पिढी शिकली. १९६१ साली ते गेले. त्यांची रेल्वे ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम या खेड्यातल्या पेंडन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

पेंडनची गोष्ट इथेच सांगायला हवी. हे संग्रहालय १९५४ साली सुरू झालं, ते रॉय इंग्लंड यांच्यामुळे. आडनाव इंग्लंड, पण माणूस ऑस्ट्रेलियाचा. १९२५ साली ते इंग्लंडला आले आणि तिथली गवताने शाकारलेली जुनी घरं पाहून भारावून गेले. पण त्यांच्या डोळ्यांदेखतच ती घरं मोडत होती, छपरं बदलत होती. ती वाचवणं आपल्या हाती नाही हे त्यांना कळलं. मग निदान मापं घेऊन, एकास शहात्तर या प्रमाणात, ती जशीच्या तशी करून ठेवावीत असं त्यांनी ठरवलं. तेव्हापासून या छंदाला एक वेगळं काम लागलं. जे जग जाणार आहे त्याची नोंद ठेवायची, आणि नोंद ठेवायची तर डागांसकट ठेवायची. चुन्याचा नवा हात दिलेली भिंत ही नोंद म्हणून निरुपयोगी असते.

अमेरिकेत हीच गोष्ट अधिक नाट्यमय रीतीने घडली. जॉन ॲलन यांचा जन्म १९१३ सालचा, मिझुरी राज्यातल्या जॉपलिनचा. व्यवसायाने ते छायाचित्रकार. १९४६ साली ते कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी या समुद्रकाठच्या गावी राहायला आले आणि तिथे त्यांनी एक रेल्वे बांधायला घेतली. पहिली आवृत्ती जेमतेम दोन मीटर लांब आणि मीटरभर रुंद होती. पुढे घर बदललं आणि तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे राहिले. ती पहिली छोटी रेल्वे टाकून न देता या मोठ्या पसाऱ्यात सामावून घेतली गेली. रेल्वेचं नाव ‘गोर अँड डॅफेटिड’. हे नाव भरभर उच्चारलं की इंग्रजीत ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असं काहीतरी ऐकू येतं. यार्डात डबे ढकलायला इंजिनाऐवजी त्यांनी एक डायनोसोर ठेवला होता, एम्मा नावाचा. अशा गमती करणारा माणूस बाकीच्या कामात मात्र कमालीचा काटेकोर होता.

ॲलन यांच्या आधी कुणी मळ चढवलाच नव्हता असं नाही. पण त्यांनी एखाद-दुसरा डबा मळवला नाही, तर सगळा मुलूखच रापवला. इंजिनघराचं छत, पाण्याची टाकी, पुलाचे खांब, गल्लीतली भिंत, सगळ्यावर हवापाणी आणि वापर यांच्या खुणा. छायाचित्रकार असल्यामुळे उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते याची त्यांना जाण होती. दूरच्या वस्तू मुद्दाम लहान प्रमाणात करून आणि आरसे लपवून ते जागा मोठी भासवत. त्यांनी काढलेले फोटो अमेरिकन मासिकांत आणि जाहिरातींत झळकू लागले तेव्हा चकचकीत इंजिनं बाळगणाऱ्या हजारो छंदिष्टांना आपल्या गाड्या अचानक बाळबोध वाटू लागल्या.

या रेल्वेवर ‘पोर्ट’ नावाचं एक बंदरगावही होतं. ते काल्पनिकच. पण ॲलन यांच्या घराबाहेरचं खरं मॉन्टेरी त्या वर्षांत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. आपल्या तारलीच्या जातीचा मासा तिथे बोटींनी यायचा, किनाऱ्यावरच्या कारखान्यांत डब्यात भरला जायचा आणि रेल्वेच्या वाघिणींतून देशभर जायचा. जॉन स्टाइनबेक यांनी १९४५ साली याच रस्त्यावर कादंबरी लिहिली आणि १९५८ साली त्या रस्त्याला कादंबरीचंच नाव, कॅनरी रो, देण्यात आलं. मात्र युद्ध संपता संपता मासा आटत चालला. ॲलन तिथे राहायला आले त्याच सुमाराला कारखान्यांवर एकेक करून कुलुपं पडायला लागली होती. पत्रे गंजले, फळ्या निखळल्या, रुळांत गवत आलं. शेवटचा मोठा कारखाना १९७३ साली बंद झाला. त्याच वर्षी, ६ जानेवारीला, हृदयविकाराने ॲलन गेले. त्यांच्या मृत्यूला दहा दिवस होतात न होतात तोच त्यांच्या घराला आग लागली आणि ती रेल्वे जळाली. उरले ते बहुतांशी फोटो. कारखान्याच्या जागी १९८४ साली मोठं मत्स्यालय उघडलं. म्हणजे खरं बंदर आणि खेळण्यातली रेल्वे, दोन्ही एकाच वर्षी संपली. योगायोगच, पण या छंदाचा इतिहास सांगताना तो मनातून जात नाही.

आता बंदराचा देखावा इतका अवघड का, ते पाहू. पहिली अडचण आकाराची. आपल्याकडे दिवाळीत मुलं किल्ले करतात. त्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज तटबंदीएवढे. तिथे ते चालतं, तिथे भाव महत्त्वाचा. छोट्या आगगाडीत मात्र सगळं एका प्रमाणात बसावं लागतं. जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण एकास सत्त्याऐंशी. साडेपाच फुटी माणूस या प्रमाणात १९ मिलिमीटरचा होतो. इथवर ठीक. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शेकड्यांनी बांधलेलं ‘लिबर्टी’ जातीचं मालवाहू जहाज १३४ मीटरांहून लांब होतं. ते या प्रमाणात दीड मीटरचं होतं! घरातल्या टेबलावर एवढं जहाज ठेवलं तर बंदराला जागा उरत नाही. म्हणून जाणते लोक मोठं जहाज टाळतात. मासेमारीची बोट, टग, पडाव घेतात; किंवा जहाजाचा फक्त पुढचा भाग देखाव्याच्या काठातून आत आलेला दाखवतात. काही जण अख्खं जहाज हवंच म्हणून ते निम्म्याने आखूड करतात. मला विचाराल तर ते नेहमी बदकासारखं दिसतं.

दुसरी अडचण पाण्याची. डोंगराचा डोंगर करता येतो, पाण्याचं पाणी करता येत नाही. जुन्या काळी फळी रंगवून त्यावर रोगणाचे हात देत, किंवा काच बसवून तिला खालून रंग देत. नंतर प्लास्टिकसारखी घट्ट होणारी ओतीव राळ आली. दिसायला ती पाण्यासारखी नितळ, पण स्वभावाने फार खट्याळ. एकदम जाड थर ओतला तर घट्ट होताना तापते आणि तडकते. बारीकशी फट राहिली तर रात्रभरात टेबलाखाली उतरते. आणि खांबाला लागली की केशाकर्षणाने वर चढून बसते, त्यामुळे प्रत्येक खांबाला काचेचा पायजमा घातल्यासारखं दिसतं. म्हणून ती पातळ थरांनी, प्रत्येक थर वाळू देऊन ओततात, आणि वरच्या बारीक लाटा चकचकीत जेलने उठवतात. रंगाची तर वेगळीच कथा. नवशिका माणूस समुद्र निळा करतो. बंदराचं पाणी कुठेही निळं नसतं. ते हिरवट, मातकट, धक्क्यापाशी काळपट असतं, आणि त्यावर तेलाचा तवंग असतो.

तिसरी अडचण मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यातून इतिहास आत येतो. समुद्राला वेळ असते. भरती का ओहोटी, हे ठरवल्याशिवाय बंदराचा एकही खांब रंगवता येत नाही. ओहोटी दाखवायची तर खांब उघडे पडणार आणि त्यांवरचे पट्टे दिसणार. सगळ्यात खाली, जिथे पाणी जवळजवळ नेहमीच असतं, तिथे काळपट हिरवा बुळबुळीत भाग. त्याच्या वर खांबाला घट्ट चिकटून बसणाऱ्या, खरबरीत पांढरट कवचाच्या बारीक जीवांचा पट्टा. मग शेवाळाचा पातळ, फिकट हिरवा थर. उधाणाच्या भरतीची रेघ संपली की कोरडं लाकूड लागतं, आणि डोक्यावर पक्ष्यांच्या शिटेचे पांढरे ओघळ. एक फूट जाडीचा खांब या प्रमाणात साडेतीन मिलिमीटरचा. त्या विणकामाच्या सुईएवढ्या काडीवर हे पाच थर चढवायचे, आणि सगळ्या खांबांवर ते एकाच उंचीला यायला हवेत. कारण समुद्र सगळ्यांना सारखाच भिजवतो.

लाकडाचा रंग हाही अभ्यासाचा विषय. उन्हापावसात लाकूड करडं होतं. उन्हाने लाकडातला तंतू बांधून ठेवणारा भाग कमजोर होतो आणि पाऊस तो धुऊन नेतो. छंदिष्ट हा परिणाम स्पिरिटमध्ये काळी शाई पातळ करून साधतात. दोन हात दिले की ताजी पिवळी काडी दहा वर्षांची होते. पण धक्क्याच्या पाण्यातल्या खांबांना हा न्याय लागू नाही. अमेरिकेत ते खांब डांबरापासून काढलेल्या तेलात मुरवलेले असत, म्हणून मुळातच काळे. आणि त्यालाही कारण होतं. लाकूड पोखरणारा एक समुद्री जीव सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरात पसरला आणि १९१९ ते १९२१ या काळात तिथले धक्के एकामागून एक कोसळले. एवढ्याशा काडीला काळा रंग का द्यायचा, याचं उत्तर असं शंभर वर्षांपूर्वीच्या एका आपत्तीपाशी पोचतं.

गंजाचं तसंच. लोखंड पाण्यात बुडालेलं असलं की जास्त गंजत असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात भरतीच्या रेघेच्या थोडं वर, जिथे लाटांचे शिंतोडे उडतात, तिथे ते सर्वांत जास्त खातं. तिथे मीठ, पाणी आणि हवा, तिन्ही भरपूर. सतत बुडालेल्या भागाला हवेतला प्राणवायू कमी मिळतो. त्यामुळे लोखंडी धक्क्याला तळापासून तांबडा रंग फासणारा माणूस पहिल्याच तपासणीत पकडला जातो.

याच्या पुढची पायरी आहे ती गंज कुठे नसतो हे ओळखण्याची. जहाजाचा दोर ज्या लोखंडी खुंटाला रोज गुंडाळतात तो खुंट दोराच्या घासटीने गुळगुळीत आणि चकचकीत असतो. त्याच्या शेजारचा, वापरात नसलेला खुंट तांबडा आणि खवल्यांचा. यारीच्या चाकाखालचा रूळ पांढरा चकाकतो. गोदामाच्या दाराशी फळ्यांच्या मधोमध खळगा पडलेला असतो, कारण हातगाड्या तिथूनच जातात. गंज आणि चमक एकत्र वाचली की कुठे काम चालतं आणि कुठे थांबलं ते कळतं. कारागिरीच्या नजरेने पाहिलं तर राप चढवणं म्हणजे कामाचा नकाशा काढणं आहे. ज्या डागाला कारण नाही तो डाग म्हणजे नुसती रंगभूषा, आणि खरं सांगायचं तर आजकालच्या पुष्कळ बक्षीसपात्र बंदरांत ती फार झाली आहे. एका इमारतीवर एवढा गंज असतो की ती उभी कशी असा प्रश्न पडावा.

इथे छोट्या आगगाडीची एक गंमत आहे. तिला वीज रुळांतून मिळते. रुळाचा माथा स्वच्छ असेल तरच चाकाला वीज पोचते. तेव्हा चालू मार्गाचा रूळ चकचकीत ठेवणं हे सत्यालाही धरून आहे आणि सोयीचंही. पण बंद पडलेल्या, गवतात बुडालेल्या जुन्या मार्गाचा माथाही गंजलेला हवा. तो रंगवला की तिथून खेळण्यातली गाडीही जात नाही! म्हणजे तो मार्ग खोटा-खोटा बंद राहत नाही, खरोखरच बंद पडतो. पुष्कळांचा जीव इथे कासावीस होतो. पैसे खर्चून टाकलेला रूळ कायमचा मारायचा कसा? म्हणून अनेकांच्या बंदरात ओसाड मार्गाचेही रूळ चकाकत असतात.

रेल्वे आणि बंदर यांची जोडी या छंदात इतकी लाडकी का, याचं कारण न्यूयॉर्ककडे पाहिलं की समजतं. पश्चिमेकडून येणाऱ्या बहुतेक रेल्वे हडसन नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीच्या काठावर येऊन थांबत. पलीकडे मॅनहॅटन आणि ब्रुकलिन. मग वाघिणीच्या वाघिणी रूळ बसवलेल्या सपाट तराफ्यांवर चढवायच्या, टगने पाण्यापलीकडे ओढायच्या आणि तिकडे उतरवायच्या. भरती-ओहोटीने तराफा वरखाली होई, म्हणून काठावर हलता पूल असे. टेबलाच्या कडेला असा एक तराफा केला की गाडी देखाव्याबाहेरच्या जगाशी जोडली जाते. गाडी येते, वाघिणी तराफ्यावर जातात, तराफा उचलून फडताळात. जागा कमी असणाऱ्यांना ही सोय मोठी वाटते.

हे सारं जग संपवलं ते एका लोखंडी पेटीने. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यू जर्सीतल्या नेवार्कहून टेक्ससमधल्या ह्यूस्टनला निघालं. ही कल्पना माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याची. त्याआधी पोती, पिंपं, खोकी, गाठी, सगळं एकेक करून माणसं चढवत-उतरवत. जहाज दिवसेंदिवस धक्क्याला लागून असे. पेट्या आल्या आणि गोदामं, बारक्या यारी, धक्क्यावरचे रूळ आणि त्यांवर जगणारी माणसं, सगळ्यांची गरज झपाट्याने कमी झाली. लंडनच्या जुन्या गोद्या १९६७ ते १९८१ या काळात एकामागून एक बंद पडल्या. छंदिष्टांच्या टेबलावरचं बंदर मात्र आजही बहुधा १९३० ते १९५५ याच काळातलं असतं. त्यात मला एक उणीव नेहमी दिसते. धक्का जुना, गंज अचूक, पोत्यांवरची धूळही अचूक. पण माणसं आठ-दहा, त्यातला एक गळ टाकून बसलेला. प्रत्यक्षात एका जहाजाभोवती माणसांच्या टोळ्याच्या टोळ्या राबत. १९ मिलिमीटरची शंभर माणसं रंगवायची तर त्याला महिने लागतात, हे मान्य. तरी फळी झिजलेली दाखवायची आणि ती झिजवणारे पाय वगळायचे, हे काही बरोबर वाटत नाही.

आजचं सर्वांत प्रसिद्ध छोटं बंदर जर्मनीत हॅम्बुर्गला आहे. ‘मिनिआटुर वुंडरलँड’ हे फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी १९९०च्या दशकानंतर, २००१ साली सुरू केलेलं प्रदर्शन. त्याच्या स्कँडिनेव्हिया विभागात राळ नाही, खरं पाणी आहे, सुमारे ३० हजार लिटर. त्यात दूरनियंत्रणाने जहाजं चालतात आणि भरती-ओहोटीसुद्धा होते. पाहणारा थक्क होतो. पण बारकाईने पाहिलं तर जुन्या रोगणवाल्यांचं म्हणणं पटायला लागतं. जहाज बारीक करता येतं, पाण्याचा पृष्ठताण बारीक करता येत नाही. त्यामुळे नाकाडासमोर उठणारी लाट बादलीतल्या पाण्यासारखीच हलते. घट्ट झालेली राळ हलत नाही, पण तिच्यातली लाट प्रमाणात असते. मला स्वतःला त्या प्रदर्शनाची जागाच अधिक बोलकी वाटते. ते श्पाइखरश्टाट या भागात, जुन्या लाल विटांच्या गोदामात आहे. कॉफी, चहा, मसाले, गालिचे जिथे साठत, तिथे आता जहाजांच्या प्रतिकृती फिरतात.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी उघडलं आणि अनेक मराठी मुलांनी या प्रकारचं जग पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. मुंबईचं जुनं बंदर मात्र या नजरेने कुणी करायला घ्यावं असं फार वाटतं. तिथे साहित्य मुबलक आहे. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ साली झाली आणि पुढच्याच वर्षी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. धक्क्यावरच्या वाघिणी थेट देशभरच्या रुळांना जोडल्या गेल्या. १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं आणि पेट्यांचा व्यवहार खाडीपलीकडे वाढत गेला.

पण काम घेणाऱ्याने आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इंदिरा गोदीला दरवाजे आहेत. भरतीच्या वेळी आत घेतलेलं पाणी तिथे अडवून ठेवतात, म्हणून ओहोटी लागली तरी आतली जहाजं खाली बसत नाहीत. अशा गोदीच्या भिंतीवर ओलीची रेघ अरुंद असणार. तिथून फार दूर नसलेला भाऊचा धक्का उघड्या समुद्राला लागून आहे. मोरा-रेवसला जाणाऱ्या लाँचीत चढताना कधी दोन पायऱ्या उतराव्या लागतात, कधी पंधरा. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, म्हणजे आपल्या प्रमाणात जवळजवळ सहा सेंटिमीटर. शहर एकच, समुद्र एकच, तरी एका भिंतीवर बोटभर रेघ आणि दुसऱ्या भिंतीवर शेवाळ, कवचं, चिखल यांचे रुंद पट्टे. दोन्हीकडे एकच रंग मारून चालणार नाही.

गोदीच्या आत छायाचित्रणाला परवानगी लागते आणि ती मिळवण्यात वेळ जातो. भाऊच्या धक्क्यावरचे पट्टे मात्र तिकीट काढून लाँचीत बसणाऱ्या कुणालाही दिसतात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, वर्तमानपत्रातली भरती-ओहोटीची वेळ पाहून, पूर्ण ओहोटीच्या सुमाराला जावं. एका पायरीची उंची मोजून घ्यावी, मग कुठला पट्टा कितव्या पायरीपाशी सुरू होतो आणि कुठे संपतो ते वहीत लिहावं. कोणती कडी दोराने घासून चकचकीत झाली आहे आणि कोणती गंजून जाम झाली आहे, तेही लिहावं. पावसाळ्यात ओलीमुळे सगळे रंग गडद दिसतात, म्हणून एक फेरी मार्गशीर्षात आणि एक श्रावणात, अशा निदान दोन तरी हव्यात.